तिघांचा झब्बू

माणूस विसरतो याचं कुणी फारसं मनावर घेत नाही. चष्मा डोक्यावर ठेवून घरभर शोधणारे पुष्कळ असतात, आणि घरातली माणसं त्यांना हसून मोकळी होतात. आजोबांचंही सुरुवातीला असंच हसण्यावारी गेलं. पण एका सकाळी ते आरशासमोर दाढीला बसले, गालांना साबण फासला, वस्तरा उघडला, आणि हातातल्या त्या वस्तूचं पुढे काय करायचं असतं तेच त्यांना आठवेना. जन्मभर सलून चालवलेला माणूस हो. निम्म्या गावाच्या गळ्यावरून यांचा वस्तरा फिरला आणि कुणाला साधा ओरखडा आला नाही. तो माणूस साबण वाळेपर्यंत तसाच बसून राहिला. मग त्यांनी वस्तरा मिटला, तोंड धुतलं, आणि लेकीने विचारलं तेव्हा म्हणाले, "आज कंटाळा आला. दाढी काय पळून जातेय?"

लेक हसली आणि डबा भरायला लागली. ती कायम घाईत असायची. औषधांच्या कारखान्यात गोळ्यांची पाकिटं भरायचं तिचं काम होतं. फोन गेटवर जमा करून आत जायचं, आणि सुटी झाल्यावरच तो परत हातात पडायचा. मधे घरी आग लागली तरी तिला कळायची सोय नव्हती. जावई लांब पल्ल्याच्या ट्रकवर. घरी यायचा तो झोपायला, आणि झोप पुरी व्हायच्या आत पुन्हा निघायचा. दुसऱ्या मजल्यावरची ती खोलीही कारखान्याचीच होती. काम आहे तोवर खोली आहे, असा सरळ हिशेब.

मुलं दोन. नऊ वर्षांची नात आणि तिच्या पाठचा सहा वर्षांचा नातू. नातीला आजोबा वकीलबाई म्हणत, कारण झोपेतून उठवलं तरी ती आधी मुद्दा मांडायची. नातवाला बोका म्हणत, कारण दुधाचं पातेलं जिथे असेल तिथे तो असायचा. दुपारी शाळा सुटायची आणि संध्याकाळी आई यायची. मधला सगळा वेळ ही दोघं आजोबांच्या ताब्यात. खरं सांगायचं तर त्या घराचा सगळा डोलारा त्या मधल्या वेळेवर उभा होता.

आणि एक दिवस दूध जळलं. आजोबांनी पातेलं गॅसवर ठेवलं आणि खिडकीशी जाऊन बसले. रस्त्यावरची माणसं बघण्यात छान रमले. शेजारच्या शिवणवाल्या मावशी दार बडवत आल्या तेव्हा खोलीत धूर कोंडला होता, बोका खोकत होता, आणि पातेलं काळंठिक्कर पडलं होतं. संध्याकाळी लेक आली. ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. पातेलं घासता घासता, पाठ त्यांच्याकडे ठेवून म्हणाली, "बाबा, पुन्हा असं झालं तर मला काम सोडावं लागेल. आणि काम सोडलं तर आपण राहायचं कुठे?"

"दूध कुणाचं जळत नाही?" आजोबा म्हणाले.

"जळतं. तेच तर म्हणतेय."

त्या रात्री आजोबांना झोप लागली नाही. लेकीला वाटत होतं, वय झालंय, विसरतात. वस्तऱ्याची गोष्ट तिला ठाऊक नव्हती. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, आणि आजोबांनी ती घट्ट झाकली होती. पण मुठीत काय आहे ते त्यांना पक्कं कळत होतं. सकाळी डोकं लख्ख असायचं. जेवण झालं की तासभर बरं जायचं. मग ढगाळायचं. त्या ढगात आपण काय करतो, कुठे जातो, हे त्यांचं त्यांनाच नंतर सांगता येत नसे. आणि नेमक्या त्याच वेळी दोन पोरं त्यांच्या भरवशावर घरात असायची.

तेव्हा त्यांनी एक बेत केला. पोरांना पत्ते शिकवायचे. करमणूक म्हणून नाही. असे शिकवायचे की आपण नसलो तरी ती जागची हलणार नाहीत. जिन्यात जाणार नाहीत, गॅसला हात लावणार नाहीत, रस्त्यावर उतरणार नाहीत. संध्याकाळी आई येईपर्यंत चटईवर बसून राहतील. आपलं डोकं दुपारी गेलं तर जाऊ दे, पोरं तर जागेवर सापडतील. बेत काही वाईट नव्हता. त्याहून चांगला मला तरी सुचला नसता.

पत्ते ते सलूनमध्येच शिकले होते. नंबर लावून बसलेली गिऱ्हाइकं बाकावर डाव मांडायची, आणि समोरच्या मोठ्या आरशात एकूणएक सगळ्यांची पानं आजोबांना दिसायची. न्हाव्याचं तोंड सैल असतं म्हणतात. यांनी मात्र कधी कुणाला कुणाचं पान सांगितलं नाही. पानं बघता बघता सगळे खेळ आपसूक येत गेले, आणि दुकान विकलं तेव्हा पत्त्यांचा एक जुना जोड खिशात घालून आणला. त्यातली किलवरची तिरी हरवली होती. तिच्या जागी साबणाच्या खोक्याचा कापलेला पुठ्ठा होता.

पोरांशी खेळणं सोपं असतं हो. आपल्याशिवाय खेळायला शिकवताना नाकी नऊ येतात. मोठं माणूस बसलंय तोवर पोरं न्याय मागायला त्याच्याकडे बघतात. ते उठलं की झिंज्या धरल्याच. म्हणून आजोबांनी खेळाच्या आधी वागणं शिकवलं. वाटणाऱ्याने आपली पानं सगळ्यात शेवटी उचलायची. हरलेल्याने पिसायचं आणि जिंकलेल्याने त्याला पाणी आणून द्यायचं. भांडण झालं की पानं पालथी ठेवून दोघांनी खिडकीपाशी जाऊन यायचं, आणि परत आल्यावर ज्याला अजून भांडायचं असेल तो हरला.

"आणि दोघांनाही भांडायचं असलं तर?" वकीलबाईंनी विचारलं.

"तर दोघंही हरले. मी जिंकलो."

"पण तुम्ही तर खेळतच नसाल."

"म्हणून तर," आजोबा म्हणाले.

पहिला खेळ भिकार-सावकार. त्यात अक्कल लागत नाही. आपलं पान टाकायचं, आधीच्या पानाशी आकडा जुळला की ढीग उचलायचा. बोक्याच्या मुठीत पानं मावेनात, सगळी मांडीवर सांडायची. तेव्हा आजोबांनी कपड्यांचा ब्रश उलटा ठेवला आणि त्याच्या राठ केसांत एकेक पान उभं खोचून दिलं. बोका खूश. मग गुलामचोर आला. एक गुलाम बाजूला काढायचा, जोड्या लावत जायच्या, आणि ज्याच्या हातात शेवटी बिनजोडीचा गुलाम उरेल तो चोर. बोक्याकडे गुलाम आला की त्याचे कान लाल व्हायचे आणि वकीलबाई न बघता सांगायची, "तुझ्याकडे आहे." हे तिला कसं कळतं याचं कोडं त्याला अजून उलगडलेलं नाही. त्यानंतर बदाम सात, आणि शेवटी झब्बू.

डाव रंगला की आजोबा हळूच उठत आणि बाहेरच्या गॅलरीत जाऊन उभे राहत. पहिल्या दिवशी त्यांनी कठड्याला हात टेकला नाही तोच आतून किंचाळी आली. बोक्याने एक्का मांडीखाली दाबला होता. दुसऱ्या दिवशी थोडा जास्त वेळ शांत गेला. मग आणखी थोडा. होता होता एके दुपारी ते गॅलरीत जाऊन आले, पाणी पिऊन आले, पुन्हा गेले, आणि पोरांनी मान वर करून पाहिलंसुद्धा नाही. बेत जमला होता. त्यांना आनंद झाला. आणि आनंद होता होताच आपण नसलेल्या घराकडे आपण उंबऱ्यातून बघतोय असं त्यांना वाटलं. तरीही त्यांनी स्वतःला शाबासकी दिली. लेकीचं काम वाचलं, खोली वाचली, दोन दिवस जास्तीचे पदरात पडले.

झब्बू तिघांत रंगतो, म्हणून त्या खेळाला पोरं त्यांना बोलवायची. ज्या रंगाचं पान पडलं त्याच रंगाचं प्रत्येकाने टाकायचं. ज्याच्याकडे तो रंग नसेल त्याने दुसऱ्या रंगाचं पान हाणायचं, म्हणजे झब्बू. मग आधीच्यात ज्याचं पान सगळ्यात मोठं असेल त्याने तो ढीग उचलायचा. ज्याची पानं आधी संपतील तो सुटला, आणि शेवटी हातात पानं घेऊन उरेल तो गाढव. पोरांना नियम पाठ झाले होते. घोळ झाला तो शिकवणाऱ्याचा.

"आजोबा, तुम्ही उचला," एका दुपारी वकीलबाई म्हणाली. "तुमचा राजा मोठा आहे."

"मी का उचलू? लहान पानवाल्याने उचलायचं."

"मोठ्या पानवाल्याने. तुम्हीच शिकवलंत."

"मी असलं काही शिकवणार नाही. जन्मभर लहान पानवालाच उचलत आलाय."

"काल तर तुम्ही..."

"काल, काल. मला शिकवतेस तू? तुझा बाप रांगत नव्हता तेव्हापासून मी पत्ते बघतोय." आणि त्यांनी हातातली पानं भिंतीवर भिरकावली. बोका खाटेखाली शिरला. इतका राग कशाचा आला ते आजोबांनाच कळत नव्हतं.

वकीलबाई उठली. खाटेखालून, मोरीच्या कडेवरून एकेक पान तिने वेचून आणलं. परत येऊन बसली आणि आजोबांच्या तोंडाकडे बघत राहिली. बराच वेळ बघत होती. मग म्हणाली, "लहान पानवाल्याने. बरोबर आहे. माझंच चुकलं." आणि राजाखालची पंजी तिची होती, म्हणून तिने ढीग स्वतःच्या हातात घेतला.

आजोबा शांत झाले. पोरगी ऐकते, वळण लागलं, असं त्यांच्या मनात आलं. जी पोरगी देवाशीही हुज्जत घालेल ती एका वाक्यात हरली कशी, हे त्यांना विचारावंसं वाटलं नाही. मला विचाराल तर त्याच दिवशी त्या घरातला कारभार बदलला. फक्त कारभाऱ्याला कुणी कळवलं नाही.

त्यानंतर घरात भांडण म्हणून झालं नाही. आजोबा जे म्हणतील तो नियम. सोमवारी मोठ्या पानवाल्याने उचललं, मंगळवारी लहान पानवाल्याने, आणि एकदा तर ज्याने पाणी आणलं त्याने. दोन्ही पोरं मुकाट्याने खेळायची. बोका एकदा ब्रश घेऊन आला आणि म्हणाला, "आजोबा, हा तुम्ही घ्या. माझे हात आता मोठे झाले." आजोबांनी त्याचा लाड म्हणून ब्रश ठेवून घेतला. खरंच सोयीचा निघाला. पानं समोर उभी राहत, बोटांतून निसटत नसत.

आणि ते जिंकत होते. रोज. त्यांना झब्बू म्हणून लागतच नव्हता. म्हातारपणी नशीब असं उघडावं याची त्यांना स्वतःलाच गंमत वाटायची. संध्याकाळी लेक आली की ते आधी तेच सांगत. "आजही सुटलो मी. ही दोघं गाढवं."

"तुमच्यापुढे कोण टिकणार, बाबा," ती म्हणायची, आणि पाय पसरून बसायची. खोली नीट असायची. पोरं हातपाय धुऊन बसलेली असायची. कित्येक दिवसांत जळकट वास आला नव्हता. तिच्या कपाळावरची आठी गेली होती, आणि ते बघून आजोबांना वाटायचं की हे आपलं कर्तृत्व.

काही गोष्टी त्यांना खटकत. चपला जागेवर सापडत नसत. काडेपेटी फळीवरून गेली होती. त्याआधी एकदा चहा करायला गेले तर गॅस पेटेचना, आणि पोरं म्हणाली संपलाय, आणि संध्याकाळी त्याच गॅसवर लेकीने चहा केला. ते बोक्यावर चिडले, की घरात एक वस्तू जाग्यावर ठेवत नाहीस. बोक्याने ऐकून घेतलं.

मग कारखान्यात लेकीला बोलावून सांगितलं, की जास्तीचे दोन तास थांबणार असशील तर तुला कायम करतो. कायम म्हणजे काय ते कळायला कारखान्यात राबावं लागतं. उद्या गेटवरूनच परत पाठवतील ही धास्ती संपली. ती घरी आली तीच हसत. आजोबांच्या शेजारी बसून म्हणाली, "मी हो म्हणून आले. म्हटलं, घरी बाबा आहेत." त्या रात्री आजोबा पोटभर जेवले. आपण अजून कुणाच्या तरी उपयोगी आहोत, हे सुख सोन्याहून पिवळं असतं.

पुढची गोष्ट एका दुपारची. कारखान्यातलं पाकिटांचं यंत्र बंद पडलं आणि बायकांना लवकर सोडून दिलं. लेकीने दार वाजवलं. आतून वकीलबाईचा आवाज आला, "कोण?"

"मी. आई."

"आई अंधार पडल्यावर येते."

"अगं, यंत्र बंद पडलं. उघड."

आत जरा कुजबुज झाली, स्टूल ओढल्याचा आवाज झाला, आणि वरची कडी निघाली. लेक आत आली. तिघं चटईवर बसलेली, मधे डाव मांडलेला. आजोबांनी वर पाहिलं. ढगाळलं होतं, आणि त्या ढगात त्यांचं सलून भरलेलं होतं. दारात एक बाई उभी होती, हातात पिशवी, दमलेली. चेहरा ओळखीचा वाटला, पण गिऱ्हाइकांचे सगळेच चेहरे ओळखीचे वाटतात.

"मुलांचे केस कापायचेत ना?" ते अदबीने म्हणाले. "बसा ताई. दोन जण पुढे आहेत. हा डाव झाला की घेतो."

लेकीच्या हातातली पिशवी तशीच राहिली. "बाबा?"

"त्यांना बाबा म्हणू नकोस आता," वकीलबाई म्हणाली. "घाबरतात. बसायला सांगितलं की फक्त बसायचं. थोड्या वेळाने विसरतात."

लेक भिंतीला पाठ लावून खाली बसली. आजोबांनी ब्रशातलं एक पान काढलं. वकीलबाईने ते हलकेच त्यांच्या बोटांतून घेऊन परत खोचलं आणि शेजारचं काढून दिलं. "हे टाका. शाबास." त्यांनी ते टाकलं. बोक्याने ढीग स्वतःकडे ओढला.

"कधीपासून?" आईने विचारलं.

"पातेलं जळलं ना, त्यानंतर थोडे दिवस बरे होते. दुपारी शिकवायचेसुद्धा. मग नाही."

"बाहेर जातात?"

"चपला मोरीतल्या बादलीत लपवल्यात. अनवाणी ते पायरी उतरत नाहीत. कडी वरची लावते मी, स्टुलावर चढून."

"गॅस?"

"तो मी बंद करतो," बोका म्हणाला. "खालचा, सिलिंडरचा. आडवं पडलं की माझा हात पोचतो."

"आणि खेळात त्यांना झब्बू द्यायचा नाही," वकीलबाई म्हणाली. "लागला की रडतात. एकदा खूप रडले. मग आम्ही देत नाही."

ढग असा मधेच कधीतरी फाटतो. सांगून फाटत नाही. आजोबांच्या समोरून सलून गेलं, बाक गेला, आणि चटई उरली. समोर नात, बाजूला नातू, भिंतीशी त्यांची लेक. रडतात हा शब्द त्यांनी नीट ऐकला. कोण रडतं तेही कळलं. चपला, काडेपेटी, संपलेला गॅस, रोजची जीत, सगळं धडाधड जागेवर येऊन बसलं. आपण पोरांना सांभाळतोय असं ते समजत होते. त्यांना इतकी लाज वाटली की मान वर होईना. ते ब्रशातल्या पानांकडे बघत राहिले.

"मला सांगितलं का नाहीस?" लेकीचा आवाज फाटला होता.

"तू म्हणाली होतीस, काम सोडावं लागेल. मग राहायचं कुठे?" वकीलबाई म्हणाली. "आम्ही ऐकलं होतं."

"मी पण नाही सांगितलं," बोका म्हणाला. त्याला त्याचं श्रेय हवं होतं.

आता लेक बोलेल, आजोबांना वाटलं. म्हणेल, उद्यापासून मी घरी. किंवा म्हणेल, बाबांना कुठेतरी ठेवायला हवं. दोन्हीची भीती त्यांनी इतके दिवस उशाला घेतली होती, आणि आता दोन्हींपैकी काहीतरी होऊन जावं असं त्यांना मनापासून वाटत होतं. नऊ वर्षांच्या पोरीच्या मानेवर हे ओझं नको. ओरड, त्यांनी मनात म्हटलं. काहीतरी कर.

 बोटांच्या टोकांना पाकिटांचा चिकट डिंक लागला होता तो लेक सोलत होती. आजोबा तिला लहानपणापासून ओळखत होते. ती कारखान्याचा, खोलीचा, ट्रकवरच्या नवऱ्याचा, सगळ्याचा विचार करून आली आणि जिथून निघाली तिथेच पोचली, हे त्यांना तिच्या तोंडावर दिसलं. मग तिने डोळे पुसले.

"शिवणवाल्या मावशींना दुपारी एकदा डोकावायला सांगते," ती म्हणाली. "एक फेरी मारतील. कडीला आतून कुलूप लाव, किल्ली तुझ्या गळ्यात ठेव." मग थोड्या वेळाने, खाली बघत तिने विचारलं, "जमेल ना गं तुला? अजून थोडे दिवस?"

"जमतंय की," वकीलबाई म्हणाली.

"मी आहे ना घरात," आजोबा म्हणाले. त्यांना पुष्कळ म्हणायचं होतं, पण तोंडातून एवढंच आलं.

"हो बाबा. तुम्ही आहात ना," लेक म्हणाली. उंच खुर्चीवर रडणाऱ्या पोराचे केस कापताना ते स्वतः असंच बोलायचे, झालं हं, झालंच आता, आणि कात्री चालूच ठेवायचे. लेकीचा आवाज तसा लागला. तो आवाज तिला कुणी शिकवला नव्हता.

ती पुढे सरकली. "मलाही पानं वाटा."

वकीलबाईने पानं वाटली आणि आईच्या कानाशी लागून नियम सांगितला. कुजबुज कसली, खोलीभर ऐकू गेली. "आजोबांचं पान मोठं असेल आणि तुझ्याकडे रंग नसला, तर झब्बू द्यायचा नाही. ढीग आपणच उचलायचा. ते काय म्हणतात त्याला हो म्हणायचं."

आजोबांनी चौकटची राणी टाकली. वकीलबाईची सत्ती पडली, बोक्याची नव्वी. लेकीने आपली पानं पाहिली. तिच्याकडे चौकट नव्हती, हे आजोबांना तिचे डोळे बघून कळलं. आता पडेल ते दुसऱ्या रंगाचं पान, आणि राणी त्यांची, तेव्हा ढीग त्यांचा. डोकं त्या घटकेला अगदी स्वच्छ होतं. लेकीने नातीकडे पाहिलं. नातीने मान बारीकशी हलवली. लेकीने हात पुढे केला आणि सगळा ढीग आपल्याकडे ओढला.

हा मला लागलाय, असं त्यांना म्हणता आलं असतं. ओठांवर आलंही. पण मग पोरीला कळलं असतं की त्यांनी ऐकलंय. चपलांचं ऐकलंय, रडण्याचं ऐकलंय. आणि आज ऐकणारा हा माणूस उद्या दुपारी पुन्हा नसणार, मग ती त्याला रोज शोधत बसणार. तिला तेवढा त्रास तरी आपल्याकडून नको. त्यांनी पुढचं पान काढलं. जाणूनबुजून चुकीचं काढलं, आणि वकीलबाई ते बदलून देईपर्यंत तसंच धरून ठेवलं.

डाव पुढे गेला. त्यांची पानं एकेक करत संपली. लेकीच्या हातात एवढा गठ्ठा जमला होता की तो एका मुठीत धरता येत नव्हता.

"पुन्हा मीच सुटलो," आजोबा म्हणाले.

"तुम्हीच, आजोबा," वकीलबाई म्हणाली, आणि पानं गोळा करून आईला पिसायला दिली.